दोष

सकाळी सातला गेटवर
मोबाईल काढायचा, काडेपेटी असेल तर काढायची,
मी कुठली बाळगते, पण मुनिस्वामी रोज विचारतो,
आणि चार दिवसांपासून ही कादंबरी.

"हे काय, भालेकर बाई?"
"लायब्ररीचं आहे. लढाईवरचं."
"लढाईवरचं आत कशाला," म्हणत तो हसतो
आणि खण नंबर एक्केचाळीसमध्ये
विड्या, लायटर, काडेपेट्यांच्या शेजारी
उभं करून ठेवतो.
पितळी टोकन माझ्या हातात.

कुणाचं तरी जुनं भाषांतर आहे.
मागची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली,
शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा.
त्या पोराचं नाव मला नीट म्हणता येत नाही,
मी त्याला नुसतं धाकला म्हणते.

धाकला खंदकात आहे, पान नऊपासून.
आधीच्या कुणा वाचकाने 'खंदक' पेन्सिलने खोडून
प्रत्येक वेळी 'चर' लिहिलंय.
मला त्याचंच पटतं.
खंदकाला किल्ला लागतो, पोवाडा लागतो.
चर म्हणजे बोपोडीच्या चौकात महिनाभर उघडा पडलाय तसा,
तळाशी पिवळं पाणी, कडेला कुणाची तरी एकच चप्पल.

धाकला चराच्या भिंतीतून बीट उकरतो,
न धुता खातो,
त्याचे लाल दात बघून बाकीचे आधी घाबरतात,
मग हसतात.
मी बसमध्ये हसले. शेजारची बाई सरकून बसली.

मग पान एकशे अठ्ठ्याऐंशी.
तोफगोळा येतो. थेट चरात.
अकरा जण डोळे मिटतात.
आणि काही होत नाही.

चिखलात अर्धा रुतून बसलाय तो,
डुकराच्या पिल्लासारखा, असं लिहिलंय.
संध्याकाळपर्यंत कुणी हलत नाही.
दुसऱ्या दिवशी एकजण त्याला टोपी घालतो.
तिसऱ्या दिवशी त्याच्यावर मोजे वाळतात.

पुस्तक मिटलं.
दापोडीचा पूल आला, गेला,
माझा स्टॉपही गेला.

आमच्याकडे याला दोष म्हणतात.
बावीस वर्षं मी फ्यूज तपासते.
गेजमध्ये गेला तर पुढे, अडला तर लाल ट्रे,
लाल ट्रेच्या कागदावर माझी सही.
एकदा एक सुटला हातून,
चाचणीच्या मैदानावर फुटला नाही.
मेमो आला, वाढ सहा महिने थांबली.
मृणालची बारावी होती तेव्हा.
त्यानंतर दर दिवाळीआधी मी चष्म्याचा नंबर बघून घेते.

कादंबरीत हे कुठेच नाही
की त्या लांबच्या कारखान्यात, त्या पाळीला
कुठल्या बाईचा डोळा लागला होता.
तिचं मूल रात्रभर खोकत होतं का,
की तिला काही सुचलं होतं, न सुचल्यासारखं.
लेखकाला ती दिसली नसेल. तो चरात होता.
पेन्सिलवाल्यानेही समास कोरा सोडलाय.
मीच तिला शोधत राहिले दोन रात्री:
तिच्याही नखात तेलाची काळी रेघ,
तिलाही मेमो,
आणि तिला कधीच न कळलेले अकरा जण.

आज पावणेअकराला
एक फ्यूज गेजमध्ये अडला. केसाएवढा.
दाबला असता तर गेला असता.
गेला असता तर कुठेतरी, कदाचित, फुटला नसता.
दमयंती पाणी आणायला गेली होती.
मशीनचा आवाज होता तेवढाच होता.
पितळ माझ्या तळव्याइतकं गरम होईपर्यंत
मी तो धरून ठेवला.

मग लाल ट्रे. सही.
सवयीचा हात आहे, मला विचारत नाही.

भोंगा झाल्यावर टोकन दिलं.
मुनिस्वामी पुस्तक लगेच देईना.
"दुपारी चाळलं जरा," म्हणाला,
"बोट ठेवून ठेवून वाचतो मी मराठी,
म्हणून एकदम शेवटचं पान घेतलं.
सांगू, तुमचा तो पोरगा..."

"नको," म्हटलं.
"बरं," म्हणाला,
आणि बसच्या तिकिटाची माझी खूण
होती तिथेच आहे ना, हे दोनदा बघून
पुस्तक हातात दिलं,
विड्यांचा वास लागलेलं.